अतिकोलेस्टेरॉलता, आनुवंशिक

एलडीएल या मेदप्रथिनाची रक्तातील पातळी जन्मापासून जास्त ठेवणारा व त्यामुळे अकाली हृदयविकार घडवणारा आनुवंशिक विकार. सुमारे २५० ते ३०० व्यक्तींमागे एकीत तो आढळतो. आईवडिलांपैकी एकाकडून सदोष जनुक आलेल्या प्रौढांत एलडीएल कोलेस्टेरॉल बहुधा दर डेसिलिटरला १९० मिग्रॅ.पेक्षा अधिक असते. दोघांकडून आल्यास ते ५०० च्या पुढे जाऊ शकते. अशा दुर्मिळ रुग्णांना उपचारांअभावी विशीच्या आतही हृदयविकाराचा झटका येतो. रुग्ण सडपातळ व मिताहारी असला, तरी विकार टळत नाही.

इतिहास : कंडरांवरील पिवळसर गाठी, वाढलेले कोलेस्टेरॉल व हृदयशूल हे एकत्रितपणे वारशाने येतात, हे नॉर्वेतील कार्ल म्युलर यांनी १९३८ मध्ये दाखवले. त्यामागील कारण डॅलस येथील मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७३ पासूनच्या प्रयोगांतून उलगडले. त्यांनी त्वचेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. निरोगी पेशींना एलडीएल पुरवले की त्या स्वतःची कोलेस्टेरॉलनिर्मिती कमी करत. दोन्ही जनुके सदोष असलेल्या रुग्णांच्या पेशी मात्र ती तशीच चालू ठेवत. पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडून आत घेणारा ग्राही असतो आणि या रुग्णांत तो नसतो किंवा निकामी असतो, असे त्यातून सिद्ध झाले. या संशोधनास १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच काळात जपानमध्ये अकिरा एंडो यांनी पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीपासून कॉम्पॅक्टिन हे पहिले स्टॅटिन, म्हणजे पेशींतील कोलेस्टेरॉलनिर्मिती रोखणारे औषध, मिळवले. २००३ मध्ये फ्रेंच कुटुंबांच्या अभ्यासातून पीसीएसके९ या जनुकाचा या विकाराशी असलेला संबंध उघड झाला. त्याचे प्रथिन एलडीएल ग्राहींचा नाश घडवते.

विकृती : रक्तातील बरेचसे एलडीएल यकृतातील ग्राही काढून घेतात. ते अपुरे पडले की एलडीएल रक्तात दीर्घकाळ राहते, रोहिण्यांच्या भित्तीत शिरते व तेथे मेदयुक्त थर साचतात. ही प्रक्रिया बालपणापासून चालते. उपचार न घेतलेल्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीपर्यंत हृद्‌रोहिणीविकार होतो. स्त्रियांत तो साधारण दशकभर उशिरा दिसतो.

लक्षणे : टाचेमागील कंडरा जाड होणे, बुबुळाभोवती कमी वयात पांढरट कडे दिसणे. अनेक रुग्णांत यांपैकी काहीच आढळत नाही.

उपचार : स्टॅटिने, एझेटिमाइब, २०१५ पासून पीसीएसके९-रोधक प्रतिपिंडे. गंभीर रुग्णांत यंत्राद्वारे रक्तातील एलडीएल वेगळे काढतात. आहारनियमन आवश्यक, पण एकटे पुरेसे नाही.

कुटुंबतपासणी : सर्वच मुलांची सरसकट रक्तचाचणी करावी का, याविषयी मतभेद आहेत. निदान झालेल्या रुग्णाच्या नात्यातील तपासणीबाबत मात्र एकमत आहे. एक जनुक सदोष असल्यास प्रत्येक अपत्यात ते उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणून आईवडील, भावंडे व मुले या सर्वांची चाचणी हा निदानाचाच भाग मानावा. लवकर सुरू केलेल्या उपचारांनी झटका टाळता किंवा लांबवता येतो.