चिकटू न देणारी पूड

गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून औषधवाले पूर्वी त्यांना एक फिकट पिवळी पूड लावत. ते लायकोपोडियम, म्हणजे शेवाळासारख्या दिसणाऱ्या एका वनस्पतीचे बीजाणू. ही पूड पाण्याने भिजत नाही. ज्योतीवर फुंकली तर भडका उडतो, म्हणून नाटकवालेही रंगमंचावरच्या विजेसाठी हीच पूड वापरत. पुढे हीच पोटात आतडी चिकटवू लागली!

पोटात ती गेली शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांवरून. त्यांची कथा सर्वश्रुत आहे: बाल्टिमोरचे शल्यविशारद हॅल्स्टेड, त्यांची परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन, जंतुनाशकाने सोललेले तिचे हात आणि ते वाचवायला गुडइयरकडून करवून घेतलेले रबरी हातमोजे. पण कोरड्या रबरात हात सरकत नाही. मग पूड आली, आणि ती औषधाच्या फडताळातूनच आली असणार, असं मी खुशाल म्हणतो.

पोटातलं अस्तर दुखावलं की तिथे फायब्रिनचा चिकट थर साचतो. शरीर तो काही दिवसांत विरघळवतं. नाही विरघळला तर त्यात पेशी शिरतात आणि आतड्याच्या दोन वेटोळ्यांमध्ये कायमचा पट्टा तयार होतो. परका कण सापडला की या उद्योगाला जोरच येतो. लायकोपोडियम बदनाम झाल्यावर टाल्क आलं, पण ती तर दगडाची भुकटी, शरीर ती पचवणार कशी? 1947 मध्ये मक्याचा स्टार्च पुढे आला, तो तरी जिरेल या भरवशावर. पट्टे त्यानेही केले.

इथे लंडनचे शल्यविशारद हॅरॉल्ड एलिस आडवे येतात. 1962 मध्ये त्यांनी प्रयोगांतून मांडलं की नुसतं खरवडलेलं अस्तर बहुधा गुळगुळीत भरून येतं. रक्तपुरवठा तुटलेल्या, टाक्यांनी आवळलेल्या भागाला मात्र शेजारचं आतडं किंवा चरबीचा पदर येऊन चिकटतो आणि रक्त पुरवतो. म्हणजे पट्टा हा शत्रू नव्हे, मदतीला धावलेला शेजारी. हे मानलं तर माझी पूड दुय्यम ठरते. पण पुडीच्या धोक्यांवर 1990 मध्ये लिहिलं तेही याच एलिसनी, तेव्हा मी माघार घेत नाही.

आतडी चिकटू नयेत म्हणून सेप्राफिल्म नावाचा पातळ पडदा 1996 पासून अमेरिकेत मिळू लागला. दोन पृष्ठभागांमध्ये ठेवायचा हा पडदा ओल्या हातमोज्याला लागला की तिथेच चिकटून बसतो. कौतुक मात्र सगळं त्याचं! पूड काढून टाकण्याला कसलं आलंय कौतुक? अमेरिकेने पुडीच्या वैद्यकीय हातमोज्यांवर जानेवारी 2017 पासून बंदी घातली. कारणांत श्वासमार्गाचा दाह आणि लॅटेक्सची अॅलर्जीही होती. चिकटलेल्या आतड्यांना त्यांच्याबरोबर जागा मिळाली, एवढ्यावर मी समाधान मानतो.