संथ डोळ्यांची वंशावळ

भाताच्या खाचराच्या बांधावरून चालायचं तर एका पावलापुढे दुसरं पाऊल ओळीत टाकावं लागतं. न्यूरॉलॉजिस्टही रुग्णाला हेच करायला सांगतात: टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चाला. लहान मेंदू झिजू लागला की ते जमत नाही. त्यामुळे पोलादपूरच्या डोंगरउतारावर असा माणूस शहरातल्यापेक्षा लवकर लक्षात येईल. पण लोक म्हणतील, सकाळीच घेतलीय वाटतं.

तोल घालवणाऱ्या अशाच एका आनुवंशिक आजाराची ओळख पटली ती आपल्या मुंबईत. 1971 साली डॉ. नोशीर वाडिया आणि आर. के. स्वामी यांनी 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ कुटुंबांची नोंद छापली. लटपटती चाल, जड जीभ यात नवं काही नव्हतं. नवे होते ते डोळे. एका वस्तूवरून दुसरीकडे बघताना आपली नजर टुणकन उडी मारते. या रुग्णांची नजर मात्र हळूहळू सरकत जायची. सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला तोही त्याच वर्षी, लंडनमध्ये. इथे डॉक्टरची दोन बोटं आणि बारीक लक्ष पुरलं. मला या गोष्टीचं अजूनही अप्रूप वाटतं.

जनुक सापडायला पुढे पंचवीस वर्षं गेली. 1996 मध्ये तीन गटांनी ते एकाच वेळी जाहीर केलं. आजाराचं नाव एससीए-2. आम्हा कोडवाल्यांना समजेल असा हा बिघाड आहे: सीएजी ही तीन अक्षरं या जनुकात साधारण 22 वेळा येतात, ती 33 किंवा त्याहून जास्त वेळा आली की आजार. पुढच्या पिढीत हा आकडा वाढू शकतो आणि आजार कमी वयात गाठतो. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. 1998 मध्ये वाडिया आणि सहकाऱ्यांनी 'ब्रेन'मध्येच सहा भारतीय कुटुंबांतला एससीए-2 मांडला, आणि संथ नजर ही त्याची मोठी खूण असल्याचं दाखवलं.

या सगळ्याला एकटा रुग्ण पुरत नाही, अख्खी वंशावळ लागते. वंशावळ आपल्याला नवी नाही. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे जाताना महाडमधली कुठलीही भावकी पणजोबापर्यंतची नावं घडाघडा सांगते. पण त्यातलं कोण चालताना झोकांड्या खायचं, हे कोणी सांगत नाही. घरात स्थळं बघायची असतात. संशोधनाला जे खरं हवं असतं, त्याचीच किंमत लग्नाच्या बाजारात मोजावी लागते. त्या नऊ घरांनी ते सांगितलं. डॉक्टरांचं नाव आपल्याला ठाऊक आहे, त्या घरांचं नाही. आणि तेच बरोबर.

औषध? फ्रान्समध्ये 45 एससीए-2 रुग्णांवर वर्षभर रिल्युझोलची चाचणी झाली. 2022 मध्ये निकाल आला: फायदा नाही. चाचणी फसते तेव्हाही त्या माणसांचं ते वर्ष गेलेलंच असतं.

भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, 2007 पासून आहे आणि फोनवर उघडते. तिथे चाचणीचं ठिकाण लिहिलेलं असतं. ते मुंबई असेल तर महाडहून पहाटेची एसटी, हात धरायला सोबत एक जण, म्हणजे दोघांचा रोज बुडाला. संमतीपत्रावर सही करण्याआधी हा खर्च कोण देणार, ते विचारून घ्या.