सार्वजनिक स्थळी श्वान : मुंबई १८३२ ते सातपूर

सार्वजनिक स्थळी श्वानाला असलेल्या स्थानाचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. जून १८३२ मध्ये मुंबईत प्रत्येक मारलेल्या श्वानामागे आठ आणे बक्षीस होते. त्यापायी शिपाई पाळीव श्वानही मारतात, असा आक्षेप होता. श्वान पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाने हरताळ पाळला व कोट भागात दंगल उसळली. धर्मभावनेइतकाच श्वानाच्या मालकीचाही हा प्रश्न होता.

मालकीची हीच कसोटी पुढेही टिकली. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमात भटक्या श्वानांच्या नाशाची तरतूद होती. २००१ च्या केंद्रीय नियमांनी हत्येऐवजी निर्बीजीकरण आणले. तथापि श्वानांचे वर्ग पाळीव व रस्त्यावरील असे दोनच केले. २०२३ च्या नियमांतही मूळ विभागणी तीच राहिली. अंध व्यक्तीस वाट दाखविणारा श्वान या वर्गीकरणात केवळ 'पाळीव' ठरतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा हक्क मानला. सातपूर येथे दृष्टिहीनांसाठी 'नॅब'चे कार्य आहे. अशा परिसरातील समारंभात 'श्वानांस प्रवेश नाही' हा सरसकट फलक श्वानाला नव्हे, तर नागरिकाला अडवितो. म्हणून आयोजकांच्या नियमांत साहाय्यक श्वानाचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक ठरतो.