पुरुषोत्तम करंडक

पुरुषोत्तम करंडक हा पुण्यातील महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने 1963 साली सुरू केलेल्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेचा असून, करंडकाला संस्थेचे एक आधारस्तंभ पुरुषोत्तम ऊर्फ आप्पासाहेब वझे यांचे नाव दिलेले आहे. या करंडकाचे स्थान समजण्यास एक तुलना उपयोगी पडते: अमेरिकेत नाट्यकार्यात गुणवत्ता दाखवणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सदस्यत्वाचा मान देणाऱ्या सन्मान-मंडळांची प्रथा आहे. 1925 साली वेस्ट व्हर्जिनियातील फेअरमाँट येथे स्थापन झालेले ‘अल्फा साय ओमेगा’ हे त्यांपैकी प्रमुख होय. महाराष्ट्रात असे मंडळ रूढ झाले नाही, परंतु त्या सन्मानाची जागा बऱ्याच अंशी या करंडकाने घेतली, कारण येथे मान मिळतो तो प्रत्यक्ष प्रयोगातून, आणि करंडक एका नटाचा नसून महाविद्यालयाच्या संपूर्ण संघाचा असतो. नसरापूर-वेल्हे रस्त्यावरील मार्गासनीसारख्या गावातून पुण्यात शिकायला आलेला विद्यार्थी तालमीत पडेल ते काम करत या संघाचा भाग होऊ शकतो, ही या स्पर्धेची मोठीच देणगी मानली पाहिजे. स्पर्धेच्या वेळी भरत नाट्य मंदिरात प्रयोगापूर्वी ‘आव्वाज कुणाचा’ ही आरोळी उठते, तिच्या उत्तरात महाविद्यालयाचेच नाव येते. 2022 साली अंतिम फेरीतील एकही एकांकिका पात्र नसल्याचे ठरवून परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. त्या निर्णयावर बरेच वादंग माजले, तरी मानाची पातळी राखण्याचा तो आग्रह समर्थनीयच होता.