चौलच्या वाटा

रस्ता आणि वाट हे दोन शब्द आपल्या भाषेत शेजारी-शेजारी नांदत असले, तरी त्यांचे कूळ वेगळे आहे. रस्ता आखला जातो, वाट पडते. रस्त्याला मोजणीदार, मंजुरी आणि खडी लागते; वाटेला पिढ्यान्‌पिढ्यांची पावले पुरतात. 'प्रेषितांची कृत्ये' वाचताना आपल्या लक्षात येते की, पहिल्या ख्रिस्ती मंडळींच्या श्रद्धेला लोक 'मार्ग' याच नावाने ओळखत असत. आज मोठमोठ्या शहरांतून पादचाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी स्वतंत्र मार्गांचे जाळे विणण्याचे बेत होत आहेत. पुणे महापालिकेने २०१७ साली असा सायकल आराखडा मंजूरही केला. हे बेत ऐकताना रायगडच्या किनाऱ्यावरील एका जुन्या शहराची आठवण होते. तेथे हे जाळे कोणी नव्याने विणण्याची गरज नाही. ते विणलेलेच आहे, आणि आपल्या डोळ्यांदेखत उसवत आहे. त्या शहराचे नाव चौल.

अलिबागच्या दक्षिणेस सतरा-अठरा किलोमीटरच्या आत चौल आणि रेवदंडा ही जोडगावे येतात. आज त्यांना कोणी शहर म्हणणार नाही. नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरे, शेवाळलेली तळी आणि मधून जाणारा एक गजबजलेला रस्ता, एवढेच प्रथमदर्शनी दिसते. परंतु दुसऱ्या शतकात टॉलेमीने या बंदराची नोंद केली होती. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत, आणि दहाव्या शतकाच्या आरंभी अल्‌ मसूदी तेथे येऊन गेला होता. चौलात तीनशे साठ देवळे आणि तीनशे साठ तळी होती, असे जुनी माणसे सांगतात. आकडा लोककथेतला असेल. पण एका देवळाकडून दुसऱ्या देवळाकडे आणि एका तळ्याकडून दुसऱ्या तळ्याकडे जाणाऱ्या पाखाड्या मात्र खऱ्या होत्या. त्यांतील काही अजून पायाखाली लागतात.

या वाटांवरून चाललेल्या परक्यांमध्ये अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विशेष लक्षात राहतो. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, वास्को द गामाच्याही आधी, तो एक घोडा विकण्यासाठी घेऊन चौल बंदरात उतरला. तेथून त्याने खुष्कीचा मार्ग धरला. चौलहून पाली आठ दिवस, पुढे उमरी दहा दिवस आणि तेथून जुन्नर, असा हिशेब त्याने आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेवला आहे. जुन्नरला तेथील सुभेदाराने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तर घोडाही मिळेल व वर मोहराही मिळतील, असे सांगितले. निकितिनने नकार दिला. पुढे एका खोरासानी मुसलमान गृहस्थाने त्याच्यासाठी रदबदली केली आणि त्याचा घोडा त्याला परत मिळाला. श्रद्धेसाठी ठाम राहणारा एक ख्रिस्ती आणि त्याच्यासाठी शब्द टाकणारा एक मुसलमान यांची गाठ अशी वाटेवर पडली. रेवदंड्यात आज निकितिनचे स्मारक उभे आहे. मोटारीतून जाणाऱ्याला ते क्वचितच दिसते.

१५२१ साली बुऱ्हाण निजामशहाच्या संमतीने पोर्तुगीजांनी कुंडलिकेच्या मुखाशी किल्ला बांधावयास घेतला. पुढे त्याच्याभोवती तटबंदीचे एक संपूर्ण शहर वसले. तेच आजचे रेवदंडा. अशा रीतीने एकाच नावाची दोन शहरे झाली : तटाच्या आतले पोर्तुगीजांचे खालचे चौल आणि वाड्यांच्या पलीकडचे निजामशाहीतील वरचे चौल. १५७०-७१ साली मुर्तझा निजामशहाने खालच्या चौलास वेढा घातला. महिनोन्‌महिने तोफा धडाडल्या आणि अखेर तह झाला. पण राज्यकर्ते भांडत असले, तरी लोकांना एकमेकांवाचून चालत नव्हते. रेशमाचे विणकर वरच्या गावात, ते रेशीम नेणारी जहाजे खालच्या बंदरात. मधली वाट दोघांची. १६२५ साली पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी तटाबाहेर पडून वरचे चौल पाहावयास गेला आणि तेथील देवळांविषयी व तळ्यांविषयी त्याने कुतूहलाने लिहून ठेवले. आजही तो फेरफटका पायी करता येतो. रामेश्वराच्या देवळापाशी थांबता येते, आणि रेवदंड्यात परतल्यावर बेने इस्रायली बांधवांचे 'बेथ एल' प्रार्थनास्थळ पाहता येते. इतके धर्म, इतक्या भाषा आणि इतकी शतके एवढ्याशा टापूत पायी ओलांडता यावीत, अशी स्थळे महाराष्ट्रात फार नाहीत.

तटाच्या आत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेज्वीट व ऑगस्टिनियन संघांचे मठ होते. त्यांच्या भिंती आता वाड्यांमधून उभ्या आहेत. पोफळीच्या दाटीतून मान वर काढणारा मनोरा, ज्याला गावकरी सातखणी म्हणतात, तो फ्रान्सिस्कन मठाचा. संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाचे चॅपलही येथेच आहे. १८७६ साली डॉ. जोझे गेर्सन द कुन्हा या मुंबईस्थित गोमंतकीय वैद्याने चौल आणि वसईच्या अवशेषांवर ग्रंथ लिहिला, तो या भग्न भिंतींचा माग काढतच. या अवशेषांपर्यंत मोटारीचा रस्ता जात नाही. जाते ती पायवाट, आणि तीही बहुधा कोणाच्या तरी वाडीतून, मालकाच्या सौजन्याने.

खाडीच्या दक्षिण तीरावर कोर्लईचा डोंगर समुद्रात शिरलेला आहे. पोर्तुगीज त्याला 'मोरो' म्हणत. १५९४ साली त्यांनी तो निजामशाहीकडून घेतला. १७३९ साली वसई चिमाजी अप्पांच्या हाती पडली आणि १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. सत्ता गेली, जहाजे गेली, धर्मसंघ गेले. डोंगराच्या पायथ्याशी राहिली ती साधी माणसे. कार्मेल मातेला समर्पित असलेल्या मंदिराभोवती त्यांनी आपली श्रद्धा राखली, आणि घरात आपली बोलीही राखली. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासातून जन्मलेल्या त्या बोलीला ती माणसे 'नॉ लिंग', म्हणजे 'आपली भाषा', म्हणतात. हजाराच्या आसपास माणसे ती बोलतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९९६ साली तिच्यावर संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला.

ही बोली टिकली याचे एक कारण असे की, कोर्लई वाटेवर होती पण रस्त्यावर नव्हती. समोर खाडी, मागे डोंगर. रेवदंड्यास जायचे तर होडी. पुढे खाडीवर पूल झाला. पुलाने दवाखाना जवळ आणला, शाळा जवळ आणली, नोकऱ्या जवळ आणल्या. अडलेल्या बाळंतिणीला होडीत घालून नेण्याचे दिवस परत यावेत, असे कोणीही म्हणणार नाही. म्हणून रस्त्याला दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, रस्ता आला म्हणजे वाट मेलीच पाहिजे काय?

आज हा प्रश्न तातडीचा झाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. जवळजवळ बावीस किलोमीटरच्या त्या पुलाने मुंबई आणि रायगड यांतील अंतर मिटवले, पण त्यावर पायी चालणाऱ्याला व सायकलवाल्याला प्रवेश नाही. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची योजना आता आकार घेत आहे. किनाऱ्यावरील जमिनीला सोन्याचे मोल आले आहे. जेथे खांद्याएवढा गडगा होता आणि गडग्याला खिंडार होते, तेथे उंच भिंत आणि लोखंडी फाटक येते. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन जाणारी कोळीण, मिस्साला निघालेली आजी आणि शाळेला निघालेली मुले यांना मग भरधाव मोटारींच्या कडेने जावे लागते. वाट बंद झाल्याची बातमी कोठे छापून येत नाही. एके दिवशी लोक वळसा घालू लागतात, एवढेच.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. आपल्या जिल्ह्यातील माथेरान हे डोंगरावरचे नगर स्वयंचलित वाहनांना बंदी ठेवून पिढ्यान्‌पिढ्या जगले आहे. त्याच्या पायवाटा हेच त्याचे वैभव. दूरचे उदाहरण घ्यायचे, तर स्पेनमध्ये संत याकोबाच्या कबरीकडे जाणारी सान्तियागोची यात्रावाट विसाव्या शतकात जवळजवळ विसरली गेली होती. ओ सेब्रेइरो या डोंगरी गावचे धर्मगुरू एलियास व्हालिन्या यांनी १९८४ च्या सुमारास पिवळ्या रंगाचा डबा घेतला आणि झाडांवर, दगडांवर, घरांच्या कोपऱ्यांवर बाण रंगवीत ते निघाले. १९९३ साली ती वाट जागतिक वारशात गणली गेली. आज लाखो यात्रेकरू ते बाण पाहत पायी व सायकलने जातात. एका धर्मग्रामाच्या पाळकाने महामार्ग बांधला नाही. लोकांना जुनी वाट पुन्हा दाखवली.

चौलसाठी असे तीन-चार मार्ग सहज सुचतात. पहिला रेवदंड्याच्या तटाच्या आतून, मठांच्या भिंतींना जोडणारा. दुसरा दोन्ही चौलांना जोडणारा, तळ्यांच्या काठाने. तिसरा पूल ओलांडून कोर्लईच्या मंदिरापर्यंत आणि तेथून किल्ल्यावर. चौथा सायकलस्वारांसाठी, अलिबागहून आक्षी-नागावमार्गे. आक्षीला शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख आहे. मराठीतील सर्वांत जुना लेख म्हणून अनेक अभ्यासक त्याला मान देतात, आणि तो वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेलाच पडून होता.

परंतु रंगाच्या डब्याआधी कागद हाती घ्यावा लागेल. गावाच्या नकाशात पायमार्ग तुटक रेषेने दाखवलेला असतो. तो नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मागता येतो. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. ज्या वाडीतून वाट जाते, तिच्या मालकाशी आधी गोडीने बोलावे. तटाच्या भिंतींवर मात्र रंगाचा थेंबही पडू नये. त्या संरक्षित आहेत आणि त्या साऱ्यांच्या आहेत.

१६ जुलैला, ऐन पावसाळ्यात, कोर्लईला कार्मेल मातेचा सण असतो. यंदा सणाला जाणाऱ्या कुटुंबांनी मोटार रेवदंड्यातच ठेवावी आणि पुढचे अंतर छत्री घेऊन पायी चालावे. एम्माऊसच्या वाटेवर त्या दोन शिष्यांना प्रभू भेटला, तो ते चालत होते म्हणून. बरोबरची मुले वाटेत प्रश्न विचारतील : ही भिंत कोणाची, हा मनोरा कसला, ही आजी कोणती भाषा बोलते? त्यांची उत्तरे देता यावीत एवढा इतिहास आपण जवळ ठेवावा, आणि परतताना कोणती वाट अजून उघडी आहे व कोणती बंद झाली, याची नोंद वहीत करावी. वाटांचा नकाशा तेथूनच सुरू होईल.