डॉक्टरही आणि संशोधकही : एमडी-पीएचडी या जोडपदवीची गोष्ट



मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. बायोमेडिकल उपकरणांच्या तासाला दरवर्षी कोणीतरी हमखास विचारतो, "मॅडम, डॉक्टर झालेल्या माणसाला पीएचडी कशाला हवी? तो आधीच डॉक्टर आहे ना?" वर्ग हसतो. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गेली साठ-सत्तर वर्षे वैद्यकीय शिक्षणात त्यावर वाद चालू आहे, आणि तुमच्यापैकी जे वैद्यक, जीवशास्त्र किंवा वैद्यकीय उपकरणांकडे वळणार आहेत त्यांच्या आयुष्यातली सात-आठ वर्षे त्याच्या उत्तरावर ठरू शकतात.

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे एमबीबीएस ही पहिली पदवी आणि एमडी ही त्यापुढची. अमेरिकेत चार वर्षांचे साधे पदवी शिक्षण झाल्यावर वैद्यकीय शाळेत प्रवेश मिळतो आणि तिथली पहिलीच वैद्यकीय पदवी एमडी असते. त्यामुळे तिकडे 'एमडी-पीएचडी' म्हणतात, ते आपल्या हिशेबात साधारण 'एमबीबीएस-पीएचडी' होते. हे लक्षात ठेवले नाही तर पुढची सगळी वर्षे मोजताना चूक होईल.

दोन्ही पदव्या एकाच माणसाने मिळवणे ही काही अमेरिकेची देणगी नव्हे. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी हे नाव तुम्ही ऐकले असेल किंवा नसेल. जन्म १८७३. त्यांनी बी.ए.ला गणित घेतले, १८९४ मध्ये रसायनशास्त्रात एम.ए. केले आणि मग वैद्यक शिकले. कलकत्ता विद्यापीठातून १९०२ मध्ये एमडी आणि १९०४ मध्ये पीएचडी. पीएचडीचा विषय होता रक्तातील लाल पेशी फुटण्याची क्रिया. त्या काळी असा कोणताही 'एकत्रित अभ्यासक्रम' नव्हता, वेगळे विद्यावेतनही नव्हते. एका माणसाची जिद्द होती, इतकेच.

त्या जिद्दीचा उपयोग काय झाला, ते पाहण्यासारखे आहे. बंगाल आणि आसाममध्ये काळा आजार गावेच्या गावे ओस पाडत होता. उपचार न झालेला रोगी बहुधा दगावत असे. अँटिमनीची जुनी संयुगे वापरली जात, पण ती विषारी होती आणि उपचार फार लांबत. ब्रह्मचारी कॅम्पबेल वैद्यकीय शाळेत शिकवत होते. तिथे त्यांना प्रयोगांसाठी एक लहानशी खोली मिळाली होती. खोलीत गॅसची जोडणी नव्हती, पाण्याचा नळ नव्हता, वीजही नव्हती. रात्री रॉकेलच्या कंदिलाच्या उजेडात काम चाले. १९२० मध्ये याच खोलीत त्यांनी युरिया स्टिबामाइन तयार केले आणि काळ्या आजारावर खरोखर चालणारे औषध हाती आले. रोगी कसा मरतो हे त्यांनी वॉर्डात पाहिले होते आणि रेणू कसा बदलायचा हे त्यांना रसायनशास्त्राने शिकवले होते. यातले एकच ठाऊक असते तर औषधापर्यंत पोचणे अवघडच होते, असे माझे मत. १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले. पारितोषिक मिळाले नाही.

मग प्रश्न असा येतो की अशी माणसे योगायोगाने घडण्याची वाट पाहायची, की ती मुद्दाम घडवायची?

अमेरिकेत हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर ऐरणीवर आला. जैवरसायनशास्त्र झपाट्याने पुढे जात होते, सरकारी संशोधन निधी वाढत होता, आणि रुग्णालयातला डॉक्टर व प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ यांची भाषा एकमेकांना कळेनाशी होत होती. क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने १९५२ मध्येच आपला वैद्यकीय अभ्यासक्रम मोडून नव्याने बांधला होता. विषयवार तुकड्यांऐवजी शरीराच्या एकेका संस्थेप्रमाणे तिथे शिकवू लागले. त्याच विद्यापीठाने १९५६ मध्ये एमडी आणि पीएचडी एकत्र देणारा कार्यक्रम सुरू केला. या प्रकारचा तो पहिला मानला जातो. (पुढे या विद्यापीठाचे नाव केस वेस्टर्न रिझर्व्ह झाले.)

१९५८ मध्ये तिथे फेरीद मुराद नावाचा मुलगा दाखल झाला. वडील अल्बानियातून आलेले, इंडियाना राज्यात खाणावळ चालवणारे. मुलगाही तिथेच काम करत मोठा झालेला. दोन्ही पदव्यांची फी माफ आणि वर २,००० डॉलर वार्षिक विद्यावेतन, हे त्याच्यासाठी मोठे आकर्षण होते. हा तपशील मी मुद्दाम सांगते. कारण असे कार्यक्रम निघाले नसते, तर दोन पदव्यांचा शौक फक्त श्रीमंतांच्या मुलांना परवडला असता. मुराद यांचे गुरू होते अर्ल सदरलँड आणि थिओडोर रॉल. पेशीच्या दारावर हार्मोन येऊन थांबते, पण निरोप आत कोण नेते? सदरलँड यांनी दाखवले की तो निरोप 'सायक्लिक एएमपी' हा छोटा रेणू नेतो. त्यासाठी त्यांना १९७१ चे नोबेल मिळाले.

चार वर्षांनी, १९६२ मध्ये, त्याच कार्यक्रमात आल्फ्रेड गुडमन गिलमन आले. त्यांचे वडील आणि लुई गुडमन यांनी मिळून लिहिलेला औषधशास्त्राचा ग्रंथ १९४१ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी मुलगा जन्मला, म्हणून मधले नाव 'गुडमन'. आजही आपल्याकडे एमबीबीएसची मुले 'गुडमन-गिलमन' उघडतात, ते हेच पुस्तक. सदरलँड यांच्या ओढीने धाकटे गिलमन क्लीव्हलंडला आले खरे, पण पुढच्याच वर्षी सदरलँड दुसऱ्या विद्यापीठात निघून गेले आणि रॉल त्यांचे मार्गदर्शक झाले. मार्गदर्शक मध्येच निघून जाणे हे पीएचडीच्या विद्यार्थ्यांचे जुनेच दुखणे आहे, आणि त्यातून पुढे नोबेलपर्यंत गेलेलेही आहेत.

सत्तरच्या दशकात हे दोघे व्हर्जिनिया विद्यापीठात पुन्हा एकत्र आले. गिलमन आणि त्यांचे सहकारी तिथे जी-प्रोटीनच्या मागे लागले. पेशीच्या पृष्ठभागावर आलेला निरोप आत पोचवणारा हा दलाल. १९९४ चे नोबेल त्यासाठी. मुराद तिथे रुग्णही पाहत होते. १९७७ मध्ये त्यांनी दाखवले की छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवतात ती नायट्रोग्लिसरीनची गोळी नायट्रिक ऑक्साइड वायू सोडते आणि त्यामुळे रक्तवाहिनीचे स्नायू सैल पडतात. डॉक्टर हे औषध जवळजवळ शंभर वर्षे देत होते, ते नेमके कसे चालते हे ठाऊक नसताना. १९९८ चे नोबेल मुराद यांना आणखी दोघांबरोबर मिळाले. गंमत अशी की नायट्रोग्लिसरीनपासूनच आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइट बनवले होते, आणि म्हातारपणी डॉक्टरांनी हृदयविकारासाठी त्यांना तेच औषध लिहून दिले होते.

एका विद्यापीठाच्या सुरुवातीच्या तुकड्यांतून दोन नोबेल! जोडपदवीचा विजय असो, असे म्हणायला हरकत नाही, नाही का?

थोडे थांबा. अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, १९६४ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन, न्यूयॉर्क विद्यापीठ आणि नॉर्थवेस्टर्न या तीन वैद्यकीय शाळांना निधी देऊन 'मेडिकल सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्राम' सुरू केला. साधारण क्रम असा : दोन वर्षे वैद्यकाचे वर्ग, मग तीन-चार किंवा अधिक वर्षे प्रयोगशाळा, मग परत येऊन दोन वर्षे वॉर्ड. फी नाही, वर विद्यावेतन. आज असे पन्नासहून अधिक कार्यक्रम आहेत. पण त्याच काळात एनआयएचमध्ये दुसराच प्रकार चालू होता. व्हिएतनामचे युद्ध पेटले होते. तरुण डॉक्टरांना सक्तीने लष्करात घेत, मात्र एनआयएचमध्ये दोन वर्षे काम केले तर ती सेवा धरली जाई. त्यामुळे देशातले अत्यंत हुशार डॉक्टर तिथे गर्दी करत. एकट्या १९६८ साली तिथे आलेल्यांत मायकेल ब्राउन, जोसेफ गोल्डस्टाइन, हॅरॉल्ड वार्मस आणि रॉबर्ट लेफ्कोविट्झ होते. चौघेही पुढे नोबेल विजेते. आणि चौघांपैकी एकाकडेही पीएचडी नव्हती.

इथे माझ्या वर्गातला तो प्रश्न पुन्हा उभा राहतो. पीएचडीशिवाय हे जमले, तर पदवी कशाला?

मला वाटते, उत्तर गोल्डस्टाइन यांनीच दिले आहे. युद्धाची सक्तीची भरती १९७३ मध्ये संपली आणि एनआयएचकडे येणाऱ्या डॉक्टरांचा ओघ आटला. १९७९ मध्ये जेम्स विनगार्डन यांनी एका लेखात, रुग्णांवर संशोधन करणारा डॉक्टर ही नामशेष होऊ घातलेली जात आहे, असा इशारा दिला. १९८६ मध्ये गोल्डस्टाइन यांनी एका भाषणात थट्टेने एका नव्या 'रोगाचे' वर्णन केले : संशोधक डॉक्टरांना होणारा लकवा. डॉक्टर उत्साहाने प्रयोगशाळेत येतो, चार निबंध छापतो, आणि मग नवे तंत्र शिकावे लागले की अडतो, कारण मूलभूत विज्ञानाचे प्रशिक्षण अपुरे असते. नव्या तंत्राला हात घालायचे धाडस त्याच्यात येत नाही. लक्षात घ्या, १९६८ च्या त्या चौघांना पदवी नसली तरी प्रशिक्षण मिळाले होतेच, तेही अव्वल प्रयोगशाळांत. गोल्डस्टाइन तर मार्शल निरेनबर्ग यांच्याकडे शिकले. म्हणजे कागद महत्त्वाचा नव्हता, प्रयोगशाळेतली ती वर्षे महत्त्वाची होती.

आणि ही वर्षे का लागतात? डॉक्टरला अपुऱ्या माहितीवर पटकन निर्णय घ्यायला शिकवतात, कारण रोगी समोर तळमळत असतो. संशोधकाला नेमके उलट शिकवतात : पुरावा पुरेसा होईपर्यंत निर्णय देऊ नकोस. तुम्ही अभियांत्रिकीचे असाल तर यंत्र दुरुस्त करणारा आणि यंत्राची रचना करणारा यांतला फरक आठवा. एकाच डोक्यात दोन्ही सवयी बसवायला वेळ जातो, आणि मधेच प्रयोगशाळेतून परत वॉर्डात आलेला विद्यार्थी इंजेक्शन द्यायलाही बिचकतो, कारण त्याचे मूळ वर्गमित्र एव्हाना रेसिडेंट झालेले असतात.

किंमत कमी नाही. जोडपदवीला सात-आठ वर्षे, त्यानंतर रेसिडेन्सी, त्यानंतर पुन्हा संशोधनाचे प्रशिक्षण. स्वतःच्या नावावर पहिले मोठे अनुदान मिळेपर्यंत माणूस चाळिशी ओलांडतो. या काळात लग्न, मुले, आईवडिलांचे म्हातारपण काही थांबत नाही. शिवाय दोन्ही पदव्या घेऊन शेवटी एकाच बाजूला जाणारेही पुष्कळ. गिलमन यांनी पुढचे आयुष्य प्रयोगशाळेत आणि विद्यापीठात काढले. मग त्यांची वैद्यकाची वर्षे वाया गेली का? मला तसे वाटत नाही, पण तुम्हाला वाटले तर मी वाद घालणार नाही.

आपल्याकडचा हिशेब आणखी कडक आहे. एमबीबीएस साडेपाच वर्षे, एमडी तीन, त्यावर पीएचडी चार-पाच. घरी कर्ज असेल, वाट पाहणारी धाकटी भावंडे असतील, तर एमडी झाल्यावर दवाखाना थाटणाऱ्याला मी दोष देणार नाही. मी स्वतः एम.टेक.वर थांबले. चाळिशीत आता पदोन्नतीसाठी पीएचडी कर म्हणून मागे लागतात, तेव्हा मला कळते की प्रश्न नसताना घेतलेली पदवी किती जड असते. ब्रह्मचारींच्या खोलीत प्रश्न आधी होता.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२२ मध्ये वैद्यकीय शाळा आणि ८०० खाटांचे रुग्णालय उभारण्याची घोषणा केली. त्यासाठी ४२५ कोटी रुपयांची देणगी मिळाली, आणि एकत्रित एमडी-पीएचडी हा त्या योजनेचा गाभा आहे. अभियांत्रिकी, विज्ञान आणि रुग्णालय एकाच आवारात. तिथला एमडी म्हणजे आपला, एमबीबीएसनंतरचा. तेव्हा अर्ज करण्याआधी सुरुवातीला सांगितलेला फरक आठवा आणि वर्षे स्वतःच्या बोटांवर मोजून घ्या.