एक छर्रा मोठा निघाला तर?

आजचा भाग एका कबुलीने सुरू करतो. गेल्या पावसाळ्यात मी बाबांच्या जुन्या सायकलच्या पुढच्या चाकाची वाट लावली. चाक डुगडुगत होतं, म्हणून हबचा कोन गच्च आवळला. डुगडुग गेली, मी खूश! दोन महिन्यांत चाक करकरायला लागलं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांनी हब उघडलं आणि कोन माझ्या हातावर ठेवला. "बघ, खड्डे पडलेत. एवढं आवळतात का रे?" बाबा काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

कोडमध्ये चुकलो तर मी अनडू करतो. लोखंडाला अनडू नसतं. म्हणून म्हटलं, हे छर्रे आले कुठून ते तरी बघू.

१७९४ साली वेल्समधल्या कारमार्थनच्या फिलिप वॉनने घोडागाडीच्या ॲक्सलसाठी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. कल्पना सोपी: दोन धातू एकमेकांवर घासण्यापेक्षा मधे गोळ्या घाला, त्या घरंगळतील. घासण्यात जेवढा जोर वाया जातो, त्याच्या मानाने घरंगळण्यात फारच कमी.

पण घोडागाडी ओढतो घोडा. सायकल ओढतात आपलेच पाय! त्यामुळे चाक जड फिरतंय हे सायकलवाल्याला लगेच कळतं. १८६९ मध्ये पॅरिसच्या ज्यूल सुरिरे या सायकल मेकॅनिकने सायकलसाठी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रूआं ही शर्यत झाली, सुमारे १२३ किलोमीटरची. जिंकला जेम्स मूर, साधारण साडेदहा तासांत, आणि त्याच्या सायकलला सुरिरेचे बेअरिंग होते असं सांगतात. सगळं श्रेय छर्ऱ्यांना द्यायला नको, पाय मूरचेच होते. पण गोष्ट लोकांच्या डोळ्यांत भरली.

आता खरी अडचण. समजा, दहा छर्ऱ्यांत एकच किंचित मोठा निघाला. मग त्याची पाळी आली की भार त्याच्या एकट्यावर! तो झिजतो, कोन खराब करतो. म्हणजे गोल छर्रा पुरेसा नाही, सगळे सारखे हवेत. हे जमवलं जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिश फिशरने. १८८३ मध्ये त्याने पोलादी छर्रे एकसारख्या मापाचे घासून काढणारं मशीन बनवलं, आणि चांगले छर्रे ढिगाने मिळायला लागले.

छर्रे सारखे झाले, तरी एक काम माणसाच्या हातात उरलं: कोन किती आवळायचा? ढिला ठेवला तर चाक डुगडुगतं आणि छर्रे आपटतात. गच्च केला तर छर्रे चिरडतात. माझं तेच झालं.

काकांनी शिकवलेली पद्धत सांगतो. हब उघडून रॉकेलने पुसायचं, छर्रे मोजायचे. बऱ्याच साध्या सायकलींत पुढे एका बाजूला १० आणि मागे ९ असतात. खड्डे पडलेला कोन बदलायचा. छर्रेही नवे टाकायचे, आणि सगळे एकाच पुडीतले. भरपूर ग्रीस भरायचं. कोन आधी बोटांनी बसवायचा, आणि अगदी किंचित ढिला ठेवायचा, कारण लॉकनट आवळताना तो आणखी थोडा दाबला जातो. लॉकनट आवळताना कोन पातळ पान्याने धरून ठेवायचा, नाहीतर तोही फिरतो. शेवटी रिम धरून आडवी हलवायची. खडखड नको. मग चाक उचलून सोडायचं. जड बाजू झुलत झुलत खाली येऊन थांबली, तर जमलं. मधेच अडली, तर पुन्हा पाना घ्या.

मला चौथ्या खेपेला जमलं. काका म्हणाले, "आता हाताला कळलं."

रविवारी बाबा सायकल घेऊन दूध आणायला गेले. परत आले आणि एवढंच म्हणाले, "हलकी चालतेय."

तुमच्या घरी एखादी सायकल धूळ खात पडली असेल, तर तिचं चाक आज एकदा फिरवून बघा. भेटू पुढच्या भागात!